भांडण मराठीत, प्रार्थना इंग्रजीत

गेल्या रविवारी एका गोल्डन ज्युबिलीला गेलो होतो. सांताक्रूझ पूर्व, आमच्या कलिना गावठाणातलंच जोडपं. लग्नाला ५० वर्षं. फुगे, इंदाळ, सोरपोतेल, ब्रास बँड, सगळं साग्रसंगीत. अंकल सुटात, आंटी लाल लुगड्यात. आणि स्टेजच्या मागे थर्माकोलची अक्षरं, जी आमच्याकडे प्रत्येक ज्युबिलीला असतातच : 'द फॅमिली दॅट प्रेज टुगेदर, स्टेज टुगेदर.' जे कुटुंब एकत्र प्रार्थना करतं ते एकत्र राहतं.

मी आंटीच्या पाया पडलो (हो, आम्ही पडतो) आणि बोर्डाकडे बोट दाखवून म्हटलं, "आंटी, तुमचं सीक्रेट कळलं."

आंटी हसल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "राहिलो बाबा एकत्र. जायचं कुठे?"

मंडळी, तेव्हापासून डोकं भणभणतंय. सोमवारी ऑफिसात, मंगळवारी लोकलमध्ये, सगळीकडे ते 'जायचं कुठे'. म्हणून आजचा वीकेंड त्या थर्माकोलच्या अक्षरांवर.

आधी त्या वाक्याचा बायोडेटा. आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की ते बायबलमध्ये आहे. नाही. ते फादर पॅट्रिक पेटन यांचं म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेले, अमेरिकेत गेलेले धर्मगुरू. (त्यांच्या संघाचं नाव होली क्रॉस, म्हणजे पोर्तुगीजमध्ये सांता क्रूझ. योगायोग.) १९४२ मध्ये त्यांनी घराघरात रोझरी पोचवायची मोहीम सुरू केली आणि १९४७ मध्ये अमेरिकन रेडिओवर एक कार्यक्रम सुरू केला. त्या कार्यक्रमासाठी हे वाक्य लिहिलं अल स्कॅल्पोन नावाच्या गृहस्थांनी. व्यवसाय : जाहिरात लेखन. म्हणजे ज्याला आपण तीन पिढ्या धर्मवचन समजून भिंतीवर लावत आलो ती एक टॅगलाइन आहे. उत्तम टॅगलाइन आहे, माझा आक्षेप नाही. फादर पेटन भले माणूस होते, २०१७ मध्ये चर्चने त्यांना 'व्हेनरेबल' म्हणजे आदरणीय हा दर्जाही दिला. पण टॅगलाइनचं काम माल खपवणं असतं. वॉरंटी कार्ड वेगळं छापतात.

आणि 'एकत्र राहणं' म्हणाल तर त्याची मजा भारतात वेगळीच होती. ख्रिस्ती जोडप्यांना लागू होणारा घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरायचं. बायकोला मात्र नुसता व्यभिचार चालायचा नाही, व्यभिचार अधिक क्रूरता, किंवा व्यभिचार अधिक दोन वर्षं टाकून देणं, असा कॉम्बो लागायचा. जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला तरी वर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागायचं. परस्परसंमतीने वेगळं होणं हा प्रकारच त्या कायद्यात नव्हता. १९९७ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बायकांवरची ही जाचक अट रद्दबातल ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. शिवाय चर्चच्या लेखी कोर्टाचा घटस्फोट हा घटस्फोटच नाही, ते वेगळं. आता सांगा, आंटींचं लग्न सत्तरच्या दशकातलं. पहिली २५ वर्षं त्या एकत्र राहिल्या त्याचं श्रेय रोझरीला किती द्यायचं आणि १८६९ च्या कायद्याला किती?

थांबा. कॉमेंटमध्ये शिव्या टाकण्याआधी पुढचं वाचा. मी रोझरीच्या विरुद्ध नाही. नवरा-बायकोने घरात एकत्र प्रार्थना करावी या मताचा तर मी कट्टर आहे, आणि हा सगळा लेख त्याच बाजूने आहे. माझं म्हणणं एवढंच की आमच्या घरांमध्ये ती होत नाही. होते ती दुसरीच गोष्ट.

जे वाचक कॅथलिक नाहीत त्यांच्यासाठी : रोझरी म्हणजे जपमाळ. एका वेळी पाच 'रहस्यं', म्हणजे येशू आणि मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, डोळ्यांपुढे आणायचे आणि मणी सरकवत प्रार्थना म्हणत जायच्या. पाच रहस्यांच्या एका फेरीत 'नमो मरिया' ५३ वेळा. वीस मिनिटांचा मामला. आमच्या घरी रात्री साडेआठला, सेक्रेड हार्टच्या फोटोखाली, त्या लाल बल्बच्या उजेडात. आजी (तिला आम्ही 'नाना' म्हणायचो, त्यावरून शाळेत मराठी मित्रांचा फार गोंधळ व्हायचा) खुर्चीत, बाकी सगळे जमिनीवर गुडघ्यांवर. शेवटी मोठ्यांकडून आशीर्वाद घ्यायचा आणि मग जेवण. ज्याचं लक्ष भाताच्या वासाकडे जाई त्याला नानाचा चिमटा.

आता एक तांत्रिक बाब, ती महत्त्वाची आहे. 'नमो मरिया'चे दोन भाग असतात. पहिला भाग एकजण म्हणतो, दुसरा भाग बाकीचे उत्तरादाखल म्हणतात. आमच्याकडे पहिला भाग पप्पांचा, दुसरा मम्मीचा आणि आम्हा पोरांचा.

माझ्या मम्मी-पप्पांचा अबोला प्रसिद्ध होता. एकदा पप्पांनी मम्मीला न विचारता आपल्या भावाला पैसे दिले, तेव्हा साडेतीन आठवडे चालला. "पप्पांना सांग जेवण वाढलंय." "मम्मीला सांग मी बाहेर जातोय." मी मधला राउटर. आणि रोज रात्री साडेआठला दोघं शेजारी शेजारी गुडघे टेकायचे. पप्पा पहिला भाग म्हणायचे, मम्मी दुसरा. ५३ वेळा. सूर जुळलेला, एक शब्द इकडचा तिकडे नाही. रोझरी संपली की पुन्हा, "पप्पांना सांग."

मला लहानपणी ते फार भारी वाटायचं. बघा, भांडण असूनही प्रार्थना चुकवत नाहीत! आता स्वतः नवरा झाल्यावर वाटतं, साडेतीन आठवडे ज्या दोन माणसांनी देवासमोर रोज ५३ वेळा एकमेकांचं वाक्य पूर्ण केलं, त्यांना त्या २० मिनिटांत एकदाही 'माझं चुकलं' म्हणायची जागाच मिळाली नाही. जागा नव्हतीच त्यात. मजकूर आधीच ठरलेला होता.

तर माझा मुद्दा हा आहे. कुटुंबाची प्रार्थना वेगळी आणि नवरा-बायकोची प्रार्थना वेगळी. पहिली आपण जपली, निदान काही वर्षांपूर्वीपर्यंत. दुसरी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी नव्हतीच. आणि पहिलीच्या जोरावर दुसरीचं सर्टिफिकेट भिंतीवर लावत आलो.

हे माझ्या पदरचं नाही. १९३९ साली पॅरिसमध्ये काही जोडपी हेन्री कॅफरेल नावाच्या एका तरुण धर्मगुरूकडे गेली. आम्हाला लग्न नीट जगायचंय, म्हणाली. त्यातून 'टीम्स ऑफ अवर लेडी' ही चळवळ उभी राहिली, आज ती जगभर आहे, भारतातही. त्यांच्या नियमांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत : एक, मुलाबाळांसह कुटुंबाची प्रार्थना आणि दुसरी, फक्त नवरा-बायकोची. शिवाय कॅफरेलनी महिन्यातून एकदा 'बसायचं कर्तव्य' सांगितलं. म्हणजे दोघांनी देवाला साक्षी ठेवून समोरासमोर बसायचं आणि महिनाभराचं काय चाललंय, काय बिनसलंय ते बोलायचं. आमच्या धंद्यात याला रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणतात. ते आम्ही दर दोन आठवड्यांनी न चुकता करतो, क्लायंटसाठी.

त्याच्याही आधी, बायबलमध्ये तोबीतचा ग्रंथ आहे (प्रोटेस्टंट बायबलमध्ये तो नसतो, आमच्यात असतो). त्यात तोबिया आणि सारा यांचं लग्न होतं. साराचे आधीचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेलेले. आठव्याची ही पहिली रात्र. दोघं पलंगावरून उठतात आणि प्रार्थना करतात. त्याच वेळी बाहेर सासरेबुवा काय करत असतात माहितीये? जावयासाठी कबर खोदत असतात. सकाळी शेजाऱ्यांना कळायच्या आत गुपचूप पुरून टाकू म्हणून! हा प्रसंग आमच्या लग्नाच्या मिस्सेत वाचायच्या उताऱ्यांपैकी एक आहे, पण कबरीचा भाग अर्थातच वगळतात. मला तोच आवडतो. बंद दाराच्या आत दोघं, भीतीने अर्धमेली, आणि बाहेर अख्खं कुटुंब 'व्यवहार' सांभाळतंय. त्या खोलीत सासू नाही, सासरा नाही, जपमाळ नाही, पाठ केलेला मजकूर नाही. मृत्यू समोर आहे आणि जे मनात आहे ते तोबिया बोलतो.

(एकच खोट. बोलतो तो. साराच्या वाट्याला शेवटी दोघांनी मिळून म्हटलेलं 'आमेन' येतं. माझे मराठी हिंदू मित्र यावर हसायला नकोत. सत्यनारायणाला जोडीने बसता तेव्हा वहिनींचं काम नवऱ्याच्या हाताला हात लावून बसणं एवढंच असतं ना? आपण सगळे एकाच गावचे.)

आता आमच्या पुरुषांकडे वळतो. आमचे म्हणजे सांताक्रूझ, वाकोला, कलिना, विलेपार्ले इथले, ३० ते ५० वयोगटातले, आयटी, बँका, बीपीओ, एअरलाइन. मी गेली काही वर्षं प्रत्येकाला विचारत आलोय, घरी बायकोबरोबर प्रार्थना करतोस का? उत्तरं तीनच.

पहिलं : "ते तिचं डिपार्टमेंट आहे." ही ओळ मी इतक्या जणांकडून ऐकलीय की एखाद्या ओरिएंटेशनमध्ये शिकवत असावेत. बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला ती जाणार (१९४८ पासून चालू आहे तो), ऑक्टोबरात मरियेची मूर्ती बिल्डिंगमध्ये घरोघर फिरते तेव्हा फुलं ती आणणार, मुलांच्या फर्स्ट कम्युनियनची तयारी ती करून घेणार. साहेब दार उघडणार आणि मोबाइल सायलेंटवर टाकून मागे उभे राहणार. मे महिन्यात गावठाणातल्या क्रुसापाशी लदिनला जा. पुढे बायका गात असतात, मागे पुरुष उकडलेल्या चण्यांची वाट बघत असतात. मीही त्यातलाच होतो, चणे चांगले असतात. पण बाबांनो, एकत्र प्रार्थना हे डिपार्टमेंट कसं असेल? एकत्र जेवण हे कुणा एकाचं डिपार्टमेंट असतं का? स्वयंपाक असू शकतो, आणि तोही नसावा, पण तो वेगळ्या वीकेंडचा विषय.

दुसरं : "टाइम कुठाय?" याला मी उत्तरच देत नाही. सकाळचा स्टँड-अप पंधरा मिनिटांचा असतो, रात्री अमेरिकेचा कॉल असतो, मधे रील्स असतात. कबूल, तुमची नाइट शिफ्ट, तिची मॉर्निंग शिफ्ट, दोघांची गाठ फक्त रविवारी. मग रविवारी करा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'अमोरिस लेतित्सिया' या पत्रात कुटुंबांकडून रोजची काही मिनिटंच मागितली आहेत. एवढ्या सवलतीत तर आपल्याला टूथब्रशसुद्धा मिळत नाही.

तिसरं उत्तर सहसा दुसऱ्या पेगनंतर येतं आणि तेच खरं असतं : "लाज वाटते यार." बायकोसमोर मोठ्याने, स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायची लाज वाटते. जिच्यासमोर आपण घोरतो, दात कोरतो, सासऱ्यांना शिव्या देतो, तिच्यासमोर! हे उत्तर मला पटतं. कारण मलाही वाटायची. आणि ती का वाटते याचा शोध घेता घेता मी भाषेपाशी येऊन पोचलो.

आम्ही ईस्ट इंडियन. म्हणजे साष्टी आणि वसईचे मूळचे कॅथलिक, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले. १७३७ ते ३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी-वसई घेतली, पोर्तुगीज गेले, चर्च राहिलं, आणि घरातली मराठीही राहिली. आमच्या कलिनाचं चर्च १६०६ चं, म्हणजे फादर स्टीफन्सचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून झालं त्याच्या दहा वर्षं आधीचं. पुढे इंग्रज आले, नोकऱ्या आल्या, गोवा-मंगळूरहून कॅथलिक मंडळी मुंबईत यायला लागली. मग १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या मुहूर्तावर, आम्ही इथलेच आहोत हे साहेबाला कळावं म्हणून आमच्या पूर्वजांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. इथल्या मराठी माणसांनी स्वतःला इंग्रजी नाव घेऊन सांगितलं की आम्ही इथले! यावर हसावं की रडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नाव इंग्रजी झालं, शाळा इंग्रजी झाली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेला वाट करून दिली तेव्हा आमच्या पॅरिशमध्ये 'लोकांची भाषा' म्हणून मुख्यतः इंग्रजी आली. नाना शेवटपर्यंत मराठीत जपायची. मम्मी-पप्पा इंग्रजीत. मी तर बिनतक्रार इंग्रजीत. पण आमच्या घरात भाजी महाग झाली तर मराठीत, मांजर दूध प्यायलं तर मराठीत, आणि भांडण? भांडण शुद्ध कोळेकल्याणी मराठीत, ज्यातला एक शब्दही इथे लिहिण्यासारखा नाही.

२००६ मध्ये माझं लग्न झालं. बायको वसईची, तिकडे मिस्सासुद्धा मराठीत. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात आमच्या घरची रोझरी ऐकून तिने विचारलं, "तुम्ही लोक घरी इंग्लिश बोलत नाही, मग देवाशीच का बोलता? तो काय इंटरव्ह्यू घेतोय?" मला राग आला होता. तिचा आगाऊपणा वाटला. सासरी येऊन आठ दिवस नाही झाले आणि!

पण तिचं बरोबर होतं. ते मला कळलं २००९ मध्ये.

ही गोष्ट मी इथे कधी लिहिली नव्हती. २००९ ची मंदी, आयटीवाल्यांना आठवत असेल. जानेवारीत माझी नोकरी गेली. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, तेव्हा सगळीकडेच चाललं होतं. आदल्या वर्षी पप्पा गेले होते, गृहकर्ज चालू होतं, बायको चौथ्या महिन्यात. आणि मी घरी सांगितलं नाही. रोज सकाळी आठ दहाला डबा आणि लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचो. फर्स्ट क्लासचा तीन महिन्यांचा पास काढलेला होता, तो फुकट कशाला घालवायचा? चर्चगेट-विरार स्लो. अप, डाउन, अप, डाउन. डबा विरारच्या सायडिंगसमोरच्या बाकावर खायचो. संध्याकाळी साडेसातला घरी. साडेआठला रोझरी. पप्पांच्या मागे पहिला भाग म्हणायची जबाबदारी माझ्याकडे आली होती. मम्मी रोज सुरुवातीला उद्देश सांगायची : माझ्या मुलाच्या नोकरीबद्दल देवाचे आभार. आणि मी खणखणीत आवाजात सुरू करायचो.

२३ दिवस. तेवीस रात्री मी देवासमोर गुडघ्यांवर बसून खोटं बोललो आणि एकदाही जीभ अडखळली नाही. कारण ते शब्द माझे नव्हतेच.

चोविसाव्या रात्री मम्मी झोपल्यावर बायको पलंगावर बसली होती. मी दिवा बंद करायला गेलो तर म्हणाली, राहू दे. मग तिने डोळे मिटले आणि माझ्याशी नाही, देवाशी बोलायला लागली. मराठीत. "परमेश्वरा, ह्याची बॅग हलकी झालीय. तीन आठवडे झाले. मी उचलून बघितली. का ते मला माहीत नाही. मला भीती वाटते. विचारलं तर तो खोटं बोलेल, म्हणून तुला सांगते."

कंपनीचा लॅपटॉप परत केला होता ना. बॅगेत डबा आणि वर्तमानपत्र.

मी पाच मिनिटं तसाच उभा होतो. मग बोललो. तिच्याशी बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून मीही देवाशीच बोललो, पण पहिल्यांदाच मराठीत. वाक्यं धड होत नव्हती. 'नोकरी गेली' या दोन शब्दांना इंग्रजीत आमच्याकडे दहा गोंडस नावं आहेत, मराठीत तेवढेच दोन आहेत. ती ऐकत होती. मधे बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, आमेन. मग अर्धा तास भांडलो, व्यवस्थित, मम्मी जागी होईपर्यंत.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. नोकरी जूनमध्ये लागली, एका मित्राच्या ओळखीने, आधीपेक्षा कमी पगारावर. पण मला जे सांगायचंय ते असं : लाज जी वाटते ना, ती बायकोची नसते आणि देवाचीही नसते. ज्या भाषेत आपल्याला खोटं बोलता येत नाही त्या भाषेत तोंड उघडायची ती भीती असते. कुणाची ती भाषा मराठी असेल, कुणाची कोंकणी, मल्याळम, तमिळ. कुणाची खरंच इंग्रजी असेल, तर त्याने इंग्रजीत करावी. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही बायकोशी कुठल्या भाषेत भांडता?

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवतात. त्या प्रोटेस्टंट, आमच्या पंथाच्या नव्हेत, पण मराठीत ख्रिस्ती लग्न म्हटलं की त्यांच्याशिवाय पान हलत नाही. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, बायकोला न विचारता. ती पाच वर्षं ख्रिस्ती झाली नाही. रागावली, रडली, दूर राहिली, आणि १९०० मध्ये झाली ती स्वतःची खात्री पटल्यावर. या दोघांनी एकमेकांशी जे वाद घातले ते मराठीत आणि देवाची जी गाणी रचली तीही मराठीतच. मधे अनुवादक नव्हता.

आता एक गोष्ट, जी न लिहिता हा लेख पोस्ट केला तर मी त्या थर्माकोलवाल्यांपेक्षा वेगळा ठरणार नाही. प्रार्थनेचं हत्यार होऊ शकतं. "परमेश्वरा, हिला नवऱ्याचं ऐकायची बुद्धी दे," असं मोठ्याने म्हणणारा नवरा मी पाहिलाय. "देवा, ह्याची दारू सोडव" हेही रोज रात्री त्याच्या समोर म्हटलं तर ती प्रार्थना राहत नाही, टोमणा होतो. (माझ्या बायकोने त्या रात्री केलं ते काय होतं? मी विचारलं होतं तिला. "मी तुझ्यासाठी काही मागितलं नाही. मला भीती वाटते एवढंच सांगितलं." फरक आहे.) आणि ज्या घरात नवरा हात उचलतो त्या घरात बायकोला "एकत्र प्रार्थना करा, सगळं ठीक होईल" असं सांगणारा माणूस, मग तो झग्यात असो की साडीत, तिच्यावरच्या पुढच्या फटक्याचा भागीदार आहे. त्यासाठी २००५ चा कायदा आहे, पोलीस आहेत, माहेर आहे. देवाशी तिने एकटीने बोलावं, सुरक्षित जागी बसून. दोघांच्या प्रार्थनेची पहिली अट ही की त्या खोलीत कुणाला कुणाची मारायची भीती नसावी.

म्हणून मला त्या 'स्टेज टुगेदर'चा खरा राग आहे. राहणं हे बक्षीस म्हणून दाखवलं की मग कसंही करून राहायचं, आणि राहिलात तर पुरावा म्हणून ५० वर्षांनी बँड लावायचा. आंटींना कुणी विचारलं का की अंकल कधी त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत, स्वतःबद्दल एक वाक्य देवाला बोललेत का? मी विचारलं, केक कापल्यावर. आंटी म्हणाल्या, "हे? हे तर फक्त लीड करतात."

लग्नाआधी चर्चमध्ये जो कोर्स करावा लागतो त्यात आम्हाला बजेट शिकवलं, नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवलं, सासूशी कसं वागावं हेसुद्धा. डॉक्टर आले, वकील आले, एक अनुभवी जोडपं आलं. प्रार्थनेवर एक तास होता, त्यात कुटुंबाच्या रोझरीचं महत्त्व सांगितलं, आणि हो, तीच टॅगलाइन. एकाही सत्रात आम्हा दोघांना शेजारी बसवून कुणी म्हटलं नाही की आता दहा मिनिटं इथे, एकमेकांना ऐकू जाईल असं, घरी बोलता त्या भाषेत देवाशी बोला. जमलं नाही तर जमलं नाही, पण लग्नाआधी कळू तरी दे की जमत नाही. कोर्स चालवणारं कुणी हे वाचत असेल तर एवढी एक संध्याकाळ घाला. डॉक्टरांचा अर्धा तास कापा, आजकाल ते सगळं पोरांना आधीच माहीत असतं.

आणि आमच्या पिढीच्या पुरुषांनो, कोर्स विसरा. आज रात्री करा. आमच्याकडे काय चालतं ते सांगतो, कॉपी करायला हरकत नाही. मुलं झोपली की दिवा बंद. प्रत्येकाने एक आभार, एक चूक आणि एक मागणं सांगायचं. चूक स्वतःची, दुसऱ्याची नाही. दुसरा बोलत असताना सल्ला द्यायचा नाही. मराठीत. रोझरी मम्मी असेपर्यंत वेगळी चालूच होती, आताही शनिवारी मुलांबरोबर करतो. मुलगा इंग्रजीत म्हणतो, मुलगी मराठीत, नानाच्या भाषेत. त्यावरून त्यांचं भांडण होतं.

रोज जमतं का? नाही. आठवड्यातून तीन-चारदा. कधी ती मागण्याच्या मधेच झोपते, कधी मी. गेल्या महिन्यात माझ्या अप्रेझलवरून तिने चार दिवस अबोला धरला होता, कारण मी पुन्हा एक गोष्ट लपवली होती. (छोटी. शेअर्स.) त्या चार रात्री काहीच झालं नाही, दिवा बंद करून दोघं पाठमोरी. पाचव्या रात्री अंधारात तिचा आवाज आला, "परमेश्वरा, ह्याला विचार, ह्याच्या चुकीची पाळी आहे की नाही."

आता साडेनऊ वाजलेत. तिचा सिंगापूरचा कॉल संपत आलाय. या शनिवारी माझ्याकडे चुका दोन आहेत, त्यातली कुठली आधी सांगायची ते अजून ठरत नाहीये.